अकरा दिवस

सोमवारी साडेआठला मकरपुऱ्यातल्या शेडचं शटर वर गेलं
तेव्हा सगळं जागेवर होतं:
लेथ, कूलंटचा आंबट वास, अंबामातेचं कॅलेंडर.
फक्त हिशोब नव्हता.
म्हणजे होता. फायलींची नावं तीच,
शेवटी एक अनोळखी शेपूट लागलेलं
आणि उघडलं की आत नुसता भुसा.

स्क्रीनच्या मधोमध चिठ्ठी. इंग्रजी अगदी सभ्य.
घाबरू नका, तुमच्या फायली आमच्याकडे सुखरूप आहेत.
मूल पळवणाराही असंच म्हणत असेल,
दूध पिऊन झोपलंय.
खाली घड्याळ, बहात्तर तासांचं, उलटं चालणारं.

मी आधी वायर उपटली.
माझी, मग शेजारच्या टेबलाची, मग स्टोअरची धावत जाऊन,
वाय-फायच्या डब्याचीसुद्धा.
मशीन मात्र बंद करायचं नाही, पुरावा जातो,
असं खासगीवाल्यांचा नीलकंठ कुणाच्या तरी मुंजीत
जिलबी खाता खाता म्हणाला होता.
मुंज कुणाची ते आठवेना. वाक्य आठवलं.

किरीटभाई म्हणाले, आपी दो ने, बेन.
हालोलचा ट्रक उभा आहे.
मी म्हटलं, देऊ, पण पावती कोण देणार?
आणि किल्ली चाललीच नाही तर बदलून कुठे मागायची?
ते हसले नाहीत.
मीही विनोद केला नव्हता.
मग त्यांनीच सायबर सेलला फोन लावला,
कंपनीचं स्पेलिंग तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा घाम पुसून.

कुशांग संडासात कडी लावून बसला होता.
शुक्रवारचं ते बिल त्याने उघडलं होतं.
पाठवणारा आमचाच रबरवाला, निदान दिसायला;
पत्त्यात एमच्या जागी आर आणि एन
खांद्याला खांदा लावून उभे.
दाराबाहेरून म्हटलं, ये रे,
मीपण एमच वाचला असता.
खरंच वाचला असता का, माहीत नाही.
पण कडी निघाली.

डिस्क माझ्या घरी होती, दांडिया बाजारात,
गव्हाच्या चाळणीखाली.
दर गुरुवारी भरून न्यायची, हा नियम माझाच.
मागचा गुरुवार चुकला.
त्या दुपारी आई मोरीत पडली
आणि मी सयाजी हॉस्पिटलच्या एक्स-रेच्या रांगेत
तिची चप्पल हातात धरून उभी होते.

मशीनं पुसून कोरी केली. सगळे पासवर्ड बदलले.
मग डिस्क लावली,
आणि कारखाना अकरा दिवस मागे जाऊन थांबला.

तिथं आई अजून आपल्या पायांनी चालत होती.

मी थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.
मग फोन उचलला.
हालोल, वाघोडिया, अंकलेश्वर:
अहो, आम्ही तुम्हाला काय पाठवलं?
असं विचारायला केवढी लाज लागते
आणि केवढा विश्वास.
हालोलवाल्याने बेचाळीस सील मापासकट मोजून दिले,
वर दोन जास्त आल्याचंही सांगितलं.
अंकलेश्वरचा म्हणाला, काहीच नाही आलं.
रायसिंगने टेम्पोच्या सनव्हायझरमधून सहीचं चलन काढलं,
तेव्हा त्याला एकदम आठवलं.

राहिला तो गुरुवार.
माझ्याकडे त्या दिवसाचं काहीच नव्हतं.
कुशांग न विचारता माझ्या खुर्चीत बसला,
डोळे मिटून नऊ डिस्पॅच सांगितले.
नंतर पडताळले. नवाच्या नऊ बरोबर.

आता डिस्क दोन आहेत, एक कायम सुटी.
कुशांग पत्ता अक्षर अक्षर मोठ्याने वाचतो,
लेथवाले चिडवतात, तरी वाचतो.

घरी आईने वॉकर टेकवून विचारलं,
चाळणीखाली हे काय ठेवतेस गं?
म्हटलं, कारखाना.
तिने डिस्क तळहातावर तोलून पाहिली.
हलका आहे, म्हणाली,
आणि पिठाचा हात पुसून
होती तिथेच ठेवली.