पिठाच्या डब्यातला फोन

कुठल्याही घरात शिरली की त्सियाला
आधी स्वयंपाकघर विचारते.
माझा फोन काढून घेते, पिठाच्या डब्यात पुरते,
वर झाकण, झाकणावर पक्कड.
मग पियानो उघडते.

सोलोलाकीच्या चढावरची घरं, तिसरे मजले,
वर्षानुवर्षं न लावलेले पियानो.
आत कधी बटण, कधी डाळिंबाचं वाळकं साल.
एका सुराला तीन तारा.
मध्ये नमद्याची पट्टी कोंबायची,
दोघींना गप्प करायचं, एकीचंच ऐकायचं.
मग दुसरी सोडायची. दोघी मिळून वां-वां-वां,
भांडणाऱ्या जावा.
"केसभर वळव. थांब. अजून आहे."
मला काहीच ऐकू यायचं नाही.
मांडीशी खिसा थरथरायचा.
फोन तर पिठात होता.

चार महिने असेच.
डोक्यात बातुमीला माझ्याशिवाय गेलेले मित्र,
कुणाचा साखरपुडा, एक मांजर
टेबलावरून पुन्हा पुन्हा घसरणारी.
एकदा चोरून अख्खा पियानो
मी अ‍ॅपच्या हिरव्या दिव्यावर लावला.
तिने एक सप्तक वाजवलं.
"चूक नाही," म्हणाली,
"पण इथे कुणी बसलेलंच नव्हतं."

वरचे सूर ती जरा चढे ठेवते.
किती, विचारलं, तर म्हणे,
चहात साखर किती घालतोस?
घालत नाही.
"मग मला काय विचारतोस!"

मार्चमध्ये, विधवा नाझिब्रोलाच्या घरी,
शेजारी कुणी भिंतीत ड्रिल घुसवत होतं,
खालच्या हॉटेलात तेच गाणं सकाळपासून,
आणि वां-वां मंद होताना
मला ऐकू आलं.
इतकं मंद, की दोन लाटांच्या मध्ये
श्वास घ्यायला जागा.
मग लाटच नाही.
खिसा आठवला तेव्हा खिडकीत दिवे लागले होते.

त्सियाला आली. कोट न काढता, उभ्या उभ्या
वरपासून खालपर्यंत हात फिरवला.
एका जागी अडली. पुन्हा वाजवलं.
"हा माझा नाही."
माझ्या पोटात गोळा.
"मी इथे एवढा चढवला नसता."
किल्ली उचलली, थोडा वेळ तशीच धरली,
मग तिच्या नाही, माझ्या पिशवीत टाकली
आणि बाही सावरून
पिठात कोपरापर्यंत हात घालत
माझा फोन शोधू लागली.