आयत्या वेळचे विषय

सभेला नऊ जण हजर, गणपूर्ती झाली, असं लिहिलं.
खरं तर आठ होतो. नववी सही मुजावरची,
तो चहा सांगून परस्पर लॅबला पळाला;
त्याच्या बशीतल्या पेशी
दर चार तासांनी जेवायला मागतात.

मी सचिव. म्हणजे ज्याचं अक्षर बरं तो.
कालिन्यात सभा घ्यायची एक अडचण आहे:
विमान उतरायला लागलं की बोलणारा थांबतो,
तोंड तसंच उघडं ठेवून,
आणि आवाज सांताक्रूझकडे गेला
की सोडलेलं वाक्य पुन्हा उचलतो.
इतिवृत्तात विमानं येत नाहीत.

विषय एक. मागील इतिवृत्त वाचून कायम.

विषय दोन. फेलोशिप, पाच महिने थकलेली.
गेडाम म्हणाली, घरी सांगितलंय वेळेवर येते,
आता भावाच्या फीला तेच पैसे मागतायत.
वाकोल्यात शिकवण्या घेते मी,
पाचवीच्या पोरांना अपूर्णांक.
मी लिहिलं: विलंबाबाबत तीव्र नाराजी.

विषय तीन. अभ्यासिका रात्री अकरानंतर.
पाडवी उठला. खोलीत आम्ही चौघं,
तिघं झोपले की मी जिन्यात वाचतो.
जिन्यातला दिवा माणूस हलला तरच जळतो,
म्हणून दर दोन मिनिटांनी हात हलवायचा.
खालच्या वॉचमनला वाटतं, मी त्याला बोलावतोय.
आता तो येतोच वर, बिडी संपली की.
सगळे हसले, पाडवीही.
मी लिहिलं: सूचना स्वागतार्ह.

विषय चार. समुपदेशन केंद्र.
मंगळवारी दोन ते चार. बाई चांगल्या आहेत,
पण खोली जिमखान्याची, दाराला काच,
आणि बाहेरच्या बाकावर बसलं
की विभागातला शिपाई विचारतो,
काय ताप वगैरे आहे का?
अध्यक्ष खरात म्हणाले, कुलसचिव आकडे मागतात.
किती जण येतात ते सांगा.
कुणीतरी पुटपुटलं, येत नाहीत त्यांचे कुठून आणायचे?

वळवी सहसा बोलत नाही.
वनस्पतिशास्त्र, सहावं वर्ष.
टेबलावरचं पेपरवेट फिरवत म्हणाली,
मे महिन्यात मी अकरा दिवस खोलीबाहेर आले नाही.
मेसच्या मशीनला ते माहीत होतं.
अकरा दिवस, बावीस खाडे.
बिलातून तेवढे पैसे बरोबर वजा झाले.
रुपयाचीही चूक नाही. मी दोनदा तपासलं.

तेव्हाच विमान आलं.
कुणी बोलत नव्हतं, तरी आम्ही थांबलो.
ते गेलं. वाक्य उचलायला कुणी वाकलं नाही.

मी लिहिलं, 'सदस्यांनी अनुभवकथन केले.' खोडलं.
मग लिहिलं: सहा वाजून बारा मिनिटं. विमान.

अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.
खरात घसा साफ करत म्हणाले, सलग तीन खाडे पडले
तर मेसच्या शिर्केमामांनी आपल्याला कळवावं,
आपल्यातल्या एकाने जाऊन दार वाजवावं.
गेडाम म्हणाली, पण कुणाला आवडणार नाही.
मग आधी विचारून नाव घ्यायचं, ज्याला हवं त्याचंच.
आणि दार उघडल्यावर बोलायचं काय?
आपण काही डॉक्टर नाही.
वळवीनं पेपरवेट थांबवलं.
जेवलीस का, एवढं विचारा.
नाही म्हणाली तर थांबा जरा.

सूचक: खरात. अनुमोदक: वळवी.
अपेक्षित खर्च: निरंक.
ठराव सर्वानुमते, मुजावर धरून.

सगळे गेल्यावर पक्की प्रत लिहायला बसलो.
गार चहाचे दोन ग्लास, एकात माशी.
यादीच्या कोऱ्या कागदावर वर लिहिलं 'नावे',
खाली वळवीचं, तिनं जाताना सांगितलेलं.
मग 'सलग तीन' लिहिताना हात अडखळला,
आणि मी या आठवड्यातले माझे मोजले.
काल रात्री, आज दुपारी.

मेस साडेआठला बंद होते.
दोन नंबरला माझं नाव टाकलं,
कागदावर पेपरवेट ठेवलं
आणि निघालो.