हालचाल नसल्यास पंधरा डॉलर

डलुथमधला जानेवारी.
सरोवर काठापासून गोठत आत चाललेलं,
आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी वर्ना किवेला,
पट्टी, पेन्सिल, खोडरबर घेऊन.
चार रकाने आखलेत. चौथा जरा अरुंद झाला.

ऑस्टबी निवृत्त झाला, म्हणून हे सगळं.
तो एका सौद्याचे पासष्ट घ्यायचा,
पण दर शुक्रवारी फोन करायचा, गुडघा कसा आहे विचारायचा,
आणि 'कागद गिरणीचे विकू नका'
हा एकच सल्ला एकवीस वर्षं द्यायचा.
गिरणी बंद पडली त्या शुक्रवारीही फोन आला होता.
शेअरबद्दल अवाक्षर नाही. गुडघ्याचं विचारलं.

आता इंटरनेटवरचे स्वस्त दलाल.
पहिला: सौद्याला नऊ पंच्याण्णव.
दुसरा: सात.
तिसरा: चार, वर पहिले पंचवीस सौदे फुकट.
'फुकट'खाली तिनं दोनदा रेघ मारली.
तीस वर्षं बेकरीत काढलेल्या बाईला कळतं,
तेरावा पाव फुकट देणारा
बाकीच्या बारांतून पीठ काढत असतो.

मग भिंग आणलं, बारीक टायपासाठी.
कागदी हिशेब टपालानं हवा तर दोन डॉलर.
खातं दुसरीकडे न्यायचं तर पंचाहत्तर:
येताना पायघड्या, जाताना जकात.
उधारीवर शेअर घेतल्यास व्याज अमुक टक्के;
हे तिनं वाचलं, आणि रकाना आखलाच नाही.

चौथा रकाना: फोन कोण उचलतं, किती वेळात.
ओव्हनचं घड्याळ लावून तिनं तिघांना फोन केले.
पहिला: बावीस मिनिटं, व्हायोलिन.
तिसरा: यंत्र. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा.
दुसरा: चार मिनिटं, एक मुलगी, सर्दी झालेली.

मुलीनं नाव विचारलं, पत्ता विचारला,
कुठले कुठले आकडे विचारले,
आणि म्हणाली, 'पण तुमचं खातं आहे की आमच्याकडे.
संयुक्त. एइनो आणि वर्ना किवेला.'

सही तिचीच असणार.
तो कॉफीच्या कपाशेजारी कागद ठेवायचा,
ती पिठाच्या हातानं सही करायची. कर, विमा, काहीही.
शेअर म्हणजे जुगार, असं जन्मभर म्हणणारा एइनो.
ऑस्टबीचा फोन आला की उठून गॅरेजमध्ये जाणारा.

चाळीस शेअर, बोटींची इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीचे.
एकच सौदा. एकोणीस नोव्हेंबर, दुपारी दोन चाळीस.
त्या दिवशी तो बर्फाचे टायर बसवायला गेला होता.
बसवूनही आला होता.

रोख तीनशे बारा होते, आता बारा.
'हालचाल नसल्यास तिमाहीला पंधरा,' मुलगी शिंकत म्हणाली,
'वीस तिमाह्या झाल्या. पुढच्या वेळी
एखाद-दोन शेअर विकावे लागतील आम्हाला.'
यातल्या तीन वर्षांत तो नव्हताच.
आधीच्या दोन वर्षांत होता, समोर बसून सूप पीत होता,
आणि बोलला नाही.

बोटीचं इंजिन कशाला? त्यांच्याकडे बोट कधीच नव्हती.
मुलीला हे विचारता येत नाही.
'हालचाल म्हणजे नेमकं काय?' तिनं विचारलं.
'एक सौदा. एक शेअर घेतला तरी चालेल.'
'भाव?'
'चार दहा.'

चार दहाचा शेअर, वर सात दलाली:
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
वर्नानं कागदाच्या समासात वजाबाकी केली.
तरीही पंधरापेक्षा तीन नव्वद कमीच.

शेजारची डोलोरेस अंडी परत करायला आली,
रकाने पाहून म्हणाली, 'मग, कुठला स्वस्त?'
'थांब जरा,' वर्ना म्हणाली, 'दोन चाळीस होऊ देत.'