परत येण्याचं कारण

गोवावेसच्या मागच्या गल्लीत माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट, व्हिसा.
पाटीवर कानडी ठळक, खाली मराठी,
नियमात बसेल एवढी.

येळ्ळूरच्या शेवंताक्का हलगेकर
पिशवीतून कागद काढतात, एकेक,
मेथीच्या पेंड्या मांडाव्यात तसे.
लेक ॲडलेडला. सातवा सरत आलाय.
"मला ती उशिरा झाली, तिलाबी उशीरच.
बाळंतपण, मग बारसं,
मग पोर बसायला लागस्तोवर तरी.
कितीचा मिळतोय?"

मी सांगतो, किराणा मालाचा भाव सांगावा तसा:
तीन महिन्यांचा, लवकर होतो.
सहाचा मागू, देतील न देतील.
बाराचा पण आहे; छातीचा फोटो लागेल,
आणि कधी कधी त्यावर एक अट येते:
पुढचा मुक्काम नाही.
आईबापांसाठी कायमचा एक असतो,
पण त्याची रांग एवढी, आक्का,
की नात गाडी शिकून विमानतळावर घ्यायला येईल.

त्या हसत नाहीत.
"कायमचा कशाला?
मी काय तिथं नांदायला जाऊलालोय?"

जन्म एकोणीसशे पंचावन्न. गाव येळ्ळूर. राज्य?
जुन्या दाखल्यावर आहे ते मुंबई राज्य
माझ्या संगणकाच्या यादीत नाही.
मी खाली सरकत जातो, क वर थांबतो.
"घर हाय तिथंच हाय न्हवं?"
हाय की.
"मग लिही."

नाव कानडी कागदात एक, इंग्रजीत दुसरं,
शाळेच्या दाखल्यात तिसरंच.
तिन्ही आपणच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल.
त्या अंगठा पुढे करतात, मग आठवून
पेन मागून घेतात.

सतरावा प्रश्न:
तुम्ही परत का याल? पुरावा जोडा.

जमीन बत्तीस गुंठे, बासमतीची,
उताऱ्यावर अजून थोरले दीर.
घरपट्टी गेलेल्या माणसाच्या नावानं येते.
सोसायटीत ठेव साठ हजार.
मी पेन खाली ठेवतो. आणखी काही?

"म्हस हाय."

मी बघत राहतो.

"माझ्याबिगर पान्हा सोडत नाही.
माझं लुगडं नेसून जाऊ बसंल धारंला,
वासावर फसती ती.
पण धुतलेलं चालत नाही.
एका लुगड्याचा वास महिनाभर,
फार तर पाच आठवडे."
त्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतात,
दुकानातला पंखा, कॅलेंडर, माझा चेहरा
यातलं काहीच त्यांना दिसत नसतं.

"नेसून झालेली सहा लुगडी होतील.
सहाचा लाव."

मी सहाचा लावतो.
पुराव्याला पासबुक जोडतो, आणि उतारा,
दिराच्या संमतीपत्रासह.
कारणाच्या चौकटीत दोनशे अक्षरं मावतात.
मी 'जनावर' लिहितो, खोडतो,
'पशुधन, एक' लिहितो.

"तिथं कुठली भाषा?"
इंग्रजी.
"आसूदे. हितं दोन रेटतोच की."

मूळ कागद उलटे मोजून पिशवीत घालतात,
झेरॉक्सचे चोवीस रुपये सुटे देतात,
आणि पायरीवरून विचारतात
येळ्ळूरची पाचची गेली काय.