सांधायच्या आधी

फ्रायबुर्ग, जानेवारी. खिडकीला आतूनही बर्फ.
क्रेसेंझ शेगडीपाशी मेण पातळ करते,
थोडी राळ, चिमूटभर सफेदा,
मग दगडावर लाटते एक मिलिमीटरचा पत्रा.
पोळी लाटण्यासारखं नाही हे.
पोळीला माफी असते.

वरच्या मजल्यावर प्राध्यापक एगेनोल्फ
घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी
पापुद्र्या-पापुद्र्याने कापतात,
पन्नासपट मोठं करून कागदावर काढतात.
कागद खाली येतात, आकडे घातलेले.
ती आकड्यांबरहुकूम कापते, एकावर एक रचते,
आणि दोनशे चाळिसाव्या पत्र्यापाशी
टेबलावर एक डोकं असतं,
कोबीच्या गड्ड्याएवढं.

चेहरा म्हणवत नाही त्याला.
डोळे कानशिलांकडे, माशाचे असतात तसे.
कान मानेपाशी, कुणी विसरून ठेवल्यागत.
कपाळ खाली उतरतंय नाक व्हायला
आणि दोन्ही अंगांनी गाल सरकत येतायत,
बोलणीला बसलेली दोन घरं जशी,
आधी कोण बोलणार या पेचात.

याहून आठवड्याने मोठ्या डोक्यात, तोंडाच्या आत,
टाळूच्या दोन फळ्या उभ्या लोंबतात
आणि मधे जीभ, छताला टेकलेली.
ती खाली बसल्याशिवाय
फळ्या आडव्या होत नाहीत, छप्पर मिटत नाही.
बोलायला शिकण्याच्या कितीतरी आधी
जिभेचं पहिलं काम:
जागा करून देणं.

आपल्या भाषेत टाळू दोन.
एक तोंडात; एक माथ्यावर, जिथे तेल जिरतं
आणि नाडीबरोबर कातडी उडते.
पहिलीने वेळेत मिटावं,
दुसरीने थांबावं;
बाहेर यायचं दार अरुंद आहे हे ठाऊक असल्यासारखी
कवटी आपली हाडं सुटी ठेवते.
क्रेसेंझच्या बोलीत या दोघींना एक नाव नाही.
पण आलोइसच्या त्या दोन्ही
तिने बोटाने चाचपल्या होत्या,
दोन्ही उघड्या.

ओठही. दूध नाकातून यायचं.
चमच्याने, थेंबाथेंबाने, अकरा दिवस.
शेजारीण म्हणाली, तुला ससा आडवा गेला असणार.
गेला होता.
आमच्या रानात रोजच जातात.

फेब्रुवारीत एकेचाळिसाव्या दिवसाचं डोकं आलं.
नाकाखाली फट, नखभर रुंद.
शेवटचा पत्रा बसवून झाला होता,
बाकी सगळे जेवायला गेलेले.
तिने उलथणं स्पिरिटच्या दिव्यावर धरलं
आणि एका बाजूचं मेण हलकेच दुसरीकडे नेलं.
मेण ऐकतं.
मग दुसरी बाजू. मग अंगठ्याने गुळगुळीत.

प्राध्यापकांनी डोकं उजेडाकडे फिरवलं.
"क्रेसेंझ, हे चुकलं."
"हो."
"एकेचाळिसाव्या दिवशी इथे फट असते."
"याला होती."
"सगळ्यांना असते. मलाही होती." त्यांनी मिशीवर बोट ठेवलं.
"तुम्हालाही."

ती बराच वेळ गप्प.
म्हणजे त्याला कुणी चिरलं नव्हतं.
ना सशाने, ना तिच्या कुठल्या पापाने.
जिथे सगळे एकदा उभे असतात
तिथेच तो उभा राहिला होता,
पुढचं पाऊल
पडलं नव्हतं.

"उघडा पुन्हा," ते म्हणाले, आणि जिना चढून गेले.
वाया गेलेल्या मेणाचे पैसे शनिवारी कापले गेले.

तिने चाकू तापवला नाही, गारच घेतला.
फट पूर्वीच्याच जागी, पूर्वीएवढीच.
निघालेला तुकडा तळव्यावर वळत राहिली,
आणि तोंडात, तिच्या नकळत,
जीभ टाळूवरून मागे-पुढे फिरत होती
त्या उंचवट्यावर, जिथे तिचीही शिवण आहे.