कान लावून

रात्री दोननंतर शहर जरा गप्प होतं
तेव्हा आमचं काम सुरू.
मी आणि तांडेल, एक गाडी, खडूचा डबा
आणि चार फुटी लोखंडी सळई.
एक टोक रस्त्यावर, एक कानामागच्या हाडाला.
खाली पाणी कुठे गळतंय ते ऐकायचं,
सापडलं की तिथे फुली.
सकाळी खोदणारे येतात.
खड्ड्यातून काय निघालं, आम्ही कधीच बघत नाही.

नऊ वर्षं हेच.
गटाराचा आवाज मला वेगळा कळतो,
विजेच्या केबलची गुणगुण वेगळी,
आणि सुटलेल्या जोडाची ती बारीक शिट्टी,
झोपलेल्या माणसाच्या नाकातली असावी तशी.
चेंबूर नाक्यापासून गोवंडीच्या शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत
महापालिकेचा माझ्या कानावर विश्वास आहे.

आणि घरी हर्षदाच्या पोटाला कान लावला
तर नुसते पोहे ऐकू आले.
"काय म्हणतंय?"
"कांदा कमी पडला म्हणतंय."
ती हसली, मी हसलो,
मग बराच वेळ मोरीतला नळ टपकत राहिला.

दुसऱ्या दिवशी वॉशर बदलला.
लोकांची गळती शोधणारा माणूस
स्वतःच्या घरी तीन वर्षं बादली लावून बसलेला.
टेबलाचे कोपरे पॉलिशपेपरने घासले.
टेप घेऊन खोली मोजली, दहा बाय बारा.
कपाट हललं तर पाळणा बसतो,
कपाट हललं तर दार अर्धंच उघडतं.
अर्ध्या दारातून मी अंग चोरून जातो,
हर्षदा नाही जात.
म्हणून कपाट परत जागेवर.

आईने गावाहून बजावलंय, जन्माआधी काही घ्यायचं नाही.
झबलं नाही, टोपडं नाही, खुळखुळा तर नाहीच.
"माझी दोन गेली तुझ्याआधी," एवढंच म्हणाली
आणि फोनमधून गॅस बंद केल्याचा आवाज आला.
छत्तिसाव्या वर्षी कळलं मला
मी थोरला नाही, तिसरा आहे.

प्रसूतिगृहात सिक्युरिटीवाली बाई म्हणाली, जेन्ट्स बाहेर.
बाहेरच्या बाकावर आम्ही पाच जण,
पाचांच्या मांडीवर बायकोची पर्स.
कुणी कुणाशी बोलेना.
आत हर्षदाने ठोके ऐकले.
"कसे होते?"
"शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवतंय, तसे.
घाईची ऑर्डर असल्यासारखं."

तांडेल म्हणतो, ऐकायची घाई केली
की आपल्याच रक्ताचा आवाज येतो कानात
आणि माणूस भलत्या जागी फुली मारतो.
त्याला तीन मुली.
दोघी बोलतात त्याच्याशी.

आठव्या महिन्यात ती म्हणाली, "आण ती सळई."
"थंड असते."
"आण."
पहाटे साडेपाच, नळाला पाणी यायची वेळ.
तळहातांनी टोक चोळलं, भागेना.
मग पिशवीत हात घातला, पान्याखाली, खडूच्या डब्यात,
आणि तो मोजा काढला.
पिवळा, माझ्या अंगठ्याएवढा,
चेंबूर कॅम्पातल्या हातगाडीवरून घेतलेला,
दीड महिना आईपासून, हिच्यापासून, देवापासून लपवलेला,
खडूच्या भुकटीने पांढरा पडलेला.
सळईच्या टोकावर बरोबर बसला.

हर्षदा मोज्याकडे बघत राहिली.
मी कान लावला.
आधी तिचा श्वास. मग गच्चीवरच्या टाकीची मोटर.
मग माझंच रक्त. थांबलो, ते जाऊ दिलं.
मग आतून कुणीतरी
एकदा, स्पष्ट,
लोखंडावर टाच मारली.

सवयीने हात खडूकडे गेला
आणि तिथेच राहिला.

"दुसरा कुठाय?" हर्षदा म्हणाली.
"काय?"
"मोजा. दोन असतात."