गळती

दर तिसऱ्या सकाळी गाडी मुकी.
किल्ली फिरवली की नुसतं टक्, टक्,
जीभ टाळ्याला लावून कुणी नाही म्हणावं तसं.

बॅटरी नवी घातली, अल्टरनेटर भरून आणला,
जंपर केबल छत्रीसारखी सोबत बाळगली.
कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराचे
सगळे वॉचमन धक्का मारून ओळखीचे झाले.

मग रोहिदास म्हात्रे आला.
मल्टिमीटरचे चिमटे लावून गप्प बसला.
म्हणाला, "गारी झोपलीय,
पन आतमंदी कोनतरी जागा हाय."

एकेक फ्यूज उपटत गेला.
अकराव्याला आकडा खाली आला.

टेपच्या तोंडात अडकलेली सीडी.
सगळे झोपल्यावर टेप तिला
बाहेर ढकलायचा, दमायचा, पुन्हा ढकलायचा,
उजाडेपर्यंत, बॅटरीच्या जिवावर.

पकडीने ओढून काढली.
वर सासऱ्यांचं तिरकं अक्षर:
योगनिद्रा, भाग दोन.
एक्स्प्रेसवेवर लावायचे, आणि आम्ही ओरडायचो,
भाऊ, ड्रायव्हर झोपेल!

टेप गेला तो गेलाच.
फ्यूज सुट्ट्या नाण्यांच्या खोबणीत टाकला.
गाडी आता पहिल्या किल्लीला सुरू होते.

घड्याळही त्याच फ्यूजवर होतं,
हे दुसऱ्या दिवशी कळलं,
ऐरोलीच्या सिग्नलला,
उशीर झालाय का ते बघताना.